बारवेच्या पायऱ्या

वाटेने चालताना आपण कळसाला हात जोडतो, कारण कळस दुरून दिसतो. बारव तशी दिसत नाही. ती भूमीच्या पोटात असते आणि काठाशी गेल्यावाचून कळत नाही. म्हणूनच तिची आठवण लवकर बुजते. आपल्या परभणी जिल्ह्यात अशा किती बारवा आहेत! काहींत पाणी आहे, काहींत गाळ, तर काहींत गावाचा केर.

सेलू तालुक्यात वालूर आहे. तिथल्या बारवेच्या पायऱ्या गोल फिरत, चक्राकार खाली उतरतात. अशी रचना फार थोड्या ठिकाणी आढळते. वालूरच्या गावकऱ्यांनी गाळ आणि झुडपे काढून ती अलीकडे पुन्हा उजेडात आणली. परभणीजवळ पिंगळीला बारव आहे. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात जुनी मंदिरे, कोरीव स्तंभ आणि बारव एकाच गावात पाहायला मिळतात. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. ज्या गंगाखेडची आपली जनाबाई, त्याच मुलखातले हे दगड.

शास्त्रकारांनी पुण्यकर्माचे दोन भाग केले, इष्ट आणि पूर्त. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तळे, देऊळ, अन्नछत्र, झाडांची लावणी हे पूर्त. यज्ञाचे फळ यजमानाला मिळते, पण विहिरीचे पाणी तहानलेल्या कोणालाही मिळते. यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा मोठा ग्रंथ रचला. त्यात व्रतखंड आहे, तसे दानखंडही आहे. काळ्या दगडाच्या जुन्या बांधणीला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो ते त्याच्याच नावावरून, जरी त्यांतली कितीतरी कामे त्याच्या आधीची असली तरी.

वास्तुग्रंथांत बारवेला वापी म्हणतात. एका बाजूने उतरायला वाट असेल तर ती नंदा, दोन बाजूंनी असेल तर भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारी बाजूंनी विजया. पावसाळ्यात पाणी वर चढते आणि खालच्या पायऱ्या झाकतात. उन्हाळ्यात पाणी उतरते, तशी माणसेही त्याच्या मागे उतरतात. दोर नाही, पोहरा नाही, अशा वाटसरूलाही ओंजळ भरून घेता येते. भिंतीतल्या देवळ्यांत देव बसवलेले असत, म्हणजे पाणी घ्यायला वाकलेला माणूस देवापुढेही वाकलेला असे.

आता पूर्वपक्ष असा की, कलियुग आले, श्रद्धा आटली आणि बारवा बुजल्या. हे ऐकायला बरे वाटते, पण पुरते खरे नाही. आमच्या वयाच्या माणसांना नारू आठवत असेल. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा आणि माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळायचा. तो जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचे. आग शमावी म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवी, त्यातून जंताची पिले पाण्यात जात, आणि तेच पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. म्हणजे ज्या पायरीने तहान भागवली, तिनेच रोगही पाण्यापर्यंत नेला. १९८० च्या दशकात देशभर नारूनिर्मूलनाची मोहीम झाली. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, कठड्याच्या विहिरी आणि हातपंप वापरणे, पाणी गाळून पिणे, असे उपाय झाले. १९९६ साली देशातला शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. त्यातच १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर आणि नळ गावोगाव पोचले होते. बारवेचे काम संपले. वापर थांबला की राखणही थांबते.

दुसरी गोष्ट त्याहून कडू आहे. पायऱ्या चारी बाजूंनी असल्या तरी उतरण्याची मुभा सर्वांना नव्हती. तहानलेली माणसे काठावर उभी राहून कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने घेतले, तेव्हा कुठे सगळ्या देशाला हा प्रश्न ऐकू आला. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, हा दृष्टांत आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. तो सांगणाऱ्यांच्या गावात माणूस काठावर ताटकळला, हे आपल्याला मान खाली घालूनच ऐकले पाहिजे.

मग सिद्धांत काय? बारव उपसावी, पण जुना काळ जसाच्या तसा परत आणायला नव्हे. गाळ काढावा, कारण भोवतालच्या जमिनीत पाणी मुरते. सांध्यांत रुजलेले पिंपळ-वड दगड उचकटतात. ते हिसडून न उपटता जाणत्याला विचारून काढावेत. काळ्या दगडाला ऑइलपेंट फासू नये आणि सांध्यांत सिमेंट भरू नये. देवळीतली मूर्ती हलवू नये. ते पाणी प्यायला नको; झाडांना आणि गुरांना ते पुरे. आणि काठावर उभे राहून कोणाचे आडनाव विचारू नये.

शेगावची पालखी परभणी, गंगाखेड, परळी अशी पंढरीला जाते. तिथे पोचलो की महाद्वारी आधी नामदेवरायांची पायरी लागते. नरसीचे नामदेवराय, ती नरसी १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून ते पायरी झाले. तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. या दोघांना नमस्कार करूनच आपण पुढे जातो. पायरी कशासाठी असते, हे याहून सोपे करून कोणी सांगितले नाही. पुढल्या वारीआधी आपापल्या गावची बारव शोधावी, गावातल्या सगळ्या वस्त्यांतली माणसे बोलवावीत, आणि सगळ्यांनी मिळून पहिले घमेले वर काढावे.