पेट्रोलच्या वाफेची झडप

पेट्रोल पेट घेते म्हणून आपण त्याला भितो. पण त्याचा दुसरा एक गुण सहसा आपल्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे त्याचे उडून जाणे. पंपावर उभे राहिल्यावर आपल्याला जो वास येतो, तो वास म्हणजे हवेत निघालेले पेट्रोलच होय. मोटारीची टाकी दिवसा उन्हाने तापली की आतली वाफ फुगते, रात्री निवली की आकसते. म्हणजे टाकी रोज एकदा श्वास सोडते आणि एकदा घेते म्हणा ना! हा श्वास तिने कोठून घ्यावा आणि कोठे सोडावा, एवढ्याशा प्रश्नापायी एका मोठ्या शहराने पंचवीस-तीस वर्षे डोके खाजविले. आज त्याची हकीकत सांगायची आहे, आणि त्या श्वासाच्या वाटेवर बसविलेली लहानशी झडप बिघडली तर ती कशी शोधावी व कशी दुरुस्त करावी, हेही.

जुन्या मोटारींत हा प्रश्न फार सोपा होता. टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असे, बस्स. वाफ तेथून बाहेर जाई, हवा तेथून आत येई. हे छिद्र धुळीने बुजले की मात्र पंचाईत. इंजिन पेट्रोल ओढीत राही, टाकीत हवा येत नसे, आत पोकळी निर्माण होई, आणि गाडी भर रस्त्यात बंद पडे. जाणता ड्रायव्हर खाली उतरून झाकण सैल करी, ‘फुस्स’ असा आवाज होई आणि गाडी पुन्हा चालू लागे. त्या फुस्स आवाजात सगळे शास्त्र आहे. ते ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लॉस एंजेलिसकडे वळू. २६ जुलै १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, या शहरावर असा काही करडा पडदा उतरला की दोन-तीन चौकांपलीकडचे दिसेना. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. जपान्यांनी विषारी वायू सोडला, अशी वदंता उठली. मग संशय गेला अलीसो स्ट्रीटवरच्या एका कारखान्यावर. तेथे कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन तयार होत असे. तो काही काळ बंद ठेवला तरी धुरके आपले येतच राहिले. १९४७ साली हवेच्या प्रदूषणावर ताबा ठेवणारे खास खाते त्या परगण्यात स्थापन झाले. कारखान्यांच्या धुराड्यांवर बंधने आली. पुढे १९५७ मध्ये घरोघरी परसात कचरा जाळण्याच्या भट्ट्यांनाही बंदी झाली. धुरके हटेना. शहर तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले, वर गरम हवेचे झाकण, आणि खाली लाखो मोटारी. पण मोटारीकडे बोट दाखवायला कोणी तयार नव्हते. मोटार ही त्या शहराची लाडकी लेक!

ते बोट दाखविले एका डच रसायनशास्त्रज्ञाने. अरी यान हागेन-स्मित हे १९०० साली उट्रेख्त येथे जन्मलेले प्राध्यापक कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अननसाला अननसाचा वास कशाने येतो याचा शोध घेत होते. अननसाची वाफ गोठवून तिच्यातले घटक वेगळे काढण्याचे त्यांचे तंत्र तयारच होते. तेच तंत्र त्यांनी बाहेरच्या हवेला लावले, आणि तळाशी तपकिरी रंगाचे थोडे उग्र द्रव्य मिळाले. पुढे त्यांनी दाखवून दिले की पेट्रोलची न जळलेली वाफ आणि इंजिनातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाश पडला की ओझोन व इतर दाहक द्रव्ये तयार होतात. म्हणजे हे धुरके कोण्या धुराड्यातून निघत नव्हते, ते हवेतच शिजत होते! यावरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १९५२ सालचा. ओझोन मोजण्याची त्यांची एक युक्ती मला फार आवडते. रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तिला चिरा पडायला किती वेळ लागतो ते पाहायचे. तेलकंपन्यांच्या पैशावर संशोधन करणाऱ्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी त्यांचे म्हणणे खोडण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे अननस बाजूला पडले आणि प्राध्यापक पुरते या कामाला लागले. १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या हवाविषयक मंडळाचे पहिले अध्यक्ष तेच झाले.

मोटारीतून ही वाफ निघते तरी कोठून? पुष्कळांना वाटते की मागच्या नळीतून. खरे म्हणजे त्या काळच्या मोटारीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा नुसत्या उडण्याने, टाकीतून आणि कार्बुरेटरमधून जात असे. तेवढाच जवळजवळ इंजिनाच्या पोटातून गळत असे. पोटातल्या गळतीचा बंदोबस्त कॅलिफोर्नियात १९६० नंतरच्या चार-दोन वर्षांत झाला. टाकीची पाळी आली १९७० च्या नमुन्याच्या गाड्यांपासून, आणि १९७१ पासून सर्व अमेरिकेत. नियमाचा गाभा एवढाच की टाकीने श्वास घ्यावा, पण वास बाहेर सोडू नये.

कंपन्यांनी वाटा निरनिराळ्या काढल्या. क्रायस्लरने प्रथम ही वाफ इंजिनाच्या पोटातच साठवून पाहिली. टिकली ती दुसरी कल्पना, कोळशाच्या डब्याची. विशेष प्रक्रिया केलेल्या कोळशात इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात भरतो. आपल्या भाषेत बोलायचे तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन! पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून सैनिकांना वाचविणाऱ्या मुखवट्यांत हाच कोळसा असे, आणि त्यासाठी अमेरिकेत लोकांकडून पीच फळाच्या बाठा गोळा केल्या जात. तोच कोळसा आता मोटारीत आला. टाकीतली वाफ डब्यात येते, कोळशाला चिकटून राहते. इंजिन चालू झाले की ते बाहेरची ताजी हवा डब्यातून ओढते, त्या हवेबरोबर वाफ सुटून इंजिनात जाते आणि जळते. वाया जाणारे पेट्रोल कामी येते हा वरचा फायदा.

नियम करणे सोपे, मोजणे कठीण. पहिल्यापहिल्यांदा वाफ जेथून निघते असे ठाऊक होते, तेवढ्याच तोंडांना कोळशाच्या पिशव्या लावून मोजमाप होई. बाकीच्या सांध्यांतून जे गळे त्याचा हिशेबच नाही! कागदावर गाड्या दोन ग्रॅमांच्या मर्यादेत बसत आणि प्रत्यक्षात कितीतरी अधिक वाफ सोडीत. शेवटी १९७८ च्या नमुन्यापासून अख्खी गाडीच हवाबंद खोलीत कोंडून खोलीतल्या हवेत किती वाफ जमते ते पाहण्याची पद्धत आली. तेव्हा मर्यादा मुकाट्याने सहा ग्रॅमांवर न्यावी लागली, आणि १९८१ मध्ये ती पुन्हा दोनवर आली. दोन ग्रॅम म्हणजे जेमतेम अर्धा चमचा पेट्रोल. आपल्याकडेही मोटारींना अशा परीक्षेतून जावे लागते, आणि पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था गाड्यांच्या अशा परीक्षा घेते. आता तर स्कूटर-मोटारसायकललाही कोळशाचा डबा आला आहे.

आता झडपेकडे. डब्याला तीन तोंडे असतात. एक टाकीकडे, दुसरे इंजिनाकडे आणि तिसरे मोकळ्या हवेकडे. इंजिनाकडच्या वाटेवर असतो तो पर्ज व्हॉल्व्ह. तो एरवी बंद असतो, हुकूम झाला की उघडतो. हवेकडच्या वाटेवर असतो तो व्हेंट व्हॉल्व्ह. याचे वागणे नेमके उलटे, एरवी उघडा आणि वीज दिली की बंद. हा दुसरा व्हॉल्व्ह अमेरिकेतल्या गाड्यांत आला तो साधारण १९९६ च्या सुमारास. त्या वर्षापासून तेथे गाडीने स्वतःची गळती स्वतः शोधावी असा दंडक झाला. प्रथम एक मिलिमीटर छिद्राइतकी, आणि २००० पासून अर्ध्या मिलिमीटरची! तपासणीची रीत अशी की गाडीतला संगणक व्हेंट व्हॉल्व्ह मिटतो, पर्ज व्हॉल्व्ह उघडून टाकीत थोडी पोकळी करतो, मग तोही मिटून ती पोकळी टिकते का ते पाहतो. टिकली नाही तर समोर पिवळा दिवा. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत हा विजेचा व्हॉल्व्ह नसतो, नुसते जाळी बसविलेले तोंड असते. पण तेही बुजतेच.

बिघाड दोन तऱ्हेचे. व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर गाडी झकास चालते, फक्त दिवा लागतो, आणि मालक म्हणतो, ‘काही झालेलं नाही हो, दिवाच खराब आहे.’ तो मिटलेला अडकला, किंवा त्याची जाळी चिखलाने लिंपली गेली, तर खूण पंपावर पटते. पेट्रोल भरताना नळी पुन्हापुन्हा ‘खट्’ करून बंद पडते, कारण टाकीतली हवा बाहेर जायला वाट नाही. आणि गाडी चालवून आल्यावर झाकण उघडले की तोच जुना फुस्स आवाज! फार दिवस दुर्लक्ष झाले तर टाकीच आत खेचली जाते. २०११ मध्ये माझदा कंपनीने अमेरिकेत आपल्या ‘सहा’ नावाच्या पन्नास हजारांवर मोटारी परत बोलावल्या. कारण काय, तर कोळी! पिवळ्या जातीच्या एका कोळ्याला पेट्रोलचा वास आवडतो म्हणे, आणि तो या हवेच्या नळीत जाळे विणून बसे. त्याने टाकीला तडा जाण्याचे भय होते. उपाय म्हणून नळीत स्प्रिंगा बसविल्या. कोळी त्यालाही पुरून उरले, आणि २०१४ मध्ये आणखी सुमारे ४२ हजार गाड्या बोलवाव्या लागल्या.

शोध घेताना पहिले पाऊल टाकीच्या झाकणाचे. त्याची रबरी चकती चिरली असेल तर सगळा खटाटोप फुकट. मग गाडीखाली, बहुधा मागे टाकीजवळ, डबा व व्हॉल्व्ह सापडतो. आसपास विडी-सिगारेट, बत्ती काही नको आणि इंजिन थंड असू द्या, हे वेगळे सांगायला नको. विजेची जोडणी काढून तिच्या पिना हिरव्या पडल्या आहेत का ते पाहा. आपल्या पावसाळ्यात निम्मे दुखणे येथेच असते. मग व्हॉल्व्ह काढून एका तोंडाला रबरी नळी लावा आणि हातपंपाने हवा सोडा. ती आरपार गेली पाहिजे. आता त्याला बॅटरीचे बारा व्होल्ट द्या. ‘टक्’ असा आवाज होऊन हवा अडली पाहिजे. टक् झाले पण हवा अडली नाही तर आत घाण आहे किंवा बैठक झिजली आहे. टक्‌च झाले नाही तर गुंडाळी जळाली. आणि व्हॉल्व्ह निर्दोष ठरला तर त्याच्यापर्यंत वीज पोचते का ते मीटरने पाहा, मगच नळ्यांच्या चिरा धुंडाळा. चांगल्या गॅरेजात त्यासाठी नळ्यांत धूर सोडून तो कोठून निघतो ते पाहतात.

व्हॉल्व्हमध्ये काळी रवाळ पूड सापडली तर मात्र नुसता व्हॉल्व्ह बदलू नका. ती फुटलेल्या डब्यातल्या कोळशाची पूड असते, आणि नवा व्हॉल्व्हही ती थोड्याच दिवसांत खाईल. डबाही बदलायला हवा. कॉम्प्रेसरची हवा डब्यात मारून तो साफ करण्याचा उत्साह काहीजण दाखवितात. त्याने कोळसा अधिकच भुगा होतो. डबा नासण्याचे एक मोठे कारण आपल्याच हातात आहे. नळीने एकदा खट् केल्यावर ‘अजून थोडं, पन्नास रुपयांचा आकडा पुरा करा’ म्हणून गळ्यापर्यंत पेट्रोल कोंबायचे, की ते वाफेऐवजी पातळ रूपातच कोळशात शिरते, आणि भिजलेला कोळसा मग वाफ धरीत नाही.

नवा व्हॉल्व्ह बसविल्यावर मेकॅनिक दिव्याची नोंद पुसून देईल, पण गाडीची आपली तपासणी लगेच होत नाही. इंजिन रात्रभर निवलेले लागते, आणि टाकी अगदी रिती किंवा काठोकाठ भरलेली चालत नाही, पाव ते पाऊण भरलेली असली म्हणजे बरे. त्यामुळे निकाल कळायला चार-आठ दिवस लागतात. तोवर रोज नोंद पुसत बसू नये, नाहीतर संगणक बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.