अजिंठ्याच्या प्रतिकृतिकारांनी पाळलेली मर्यादा

अजिंठ्याच्या डोंगरातली वाघूर नदी जामनेर तालुक्यातून वाहत तापीला मिळते आणि तीच तापी पुढे चोपडा तालुक्याची दक्षिण सीमा होते. त्यामुळे लेणी खानदेशाच्या सीमेलगत पलीकडे असली, तरी तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचा इतिहास तापीच्या खोऱ्याला परका नाही. प्रतिकृती म्हणजे मूळ चित्रासमोर बसून केलेले त्याचे दुसरे चित्र, आणि ते करताना चित्रकाराला स्वतःची कल्पना जाणीवपूर्वक आवरावी लागते.

मूळ चित्रकारांची साधने मोजकीच होती. माती, शेण, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग ते लावत. गेरू, पिवळी व हिरवी माती, काजळी आणि चुना यांखेरीज दूरदेशाहून येणारा लाजवर्दी निळा तेवढा त्यांच्या हाती होता. या पद्धतीला टेम्परा म्हणतात, आणि तिचा पृष्ठभाग मंद, बिनचकाकीचा राहतो.

मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून येथे तैलरंगात मोठे कॅनव्हास रंगवले. त्यांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. कॅमेराही हाती घेतलेल्या गिल यांचे 1879 मध्ये निधन झाले आणि त्यांची कबर भुसावळ येथे आहे. 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना घेऊन येथे काम करत राहिले. त्यांच्या कॅनव्हासांवर गिलावा निखळलेले डागही उतरलेले दिसतात, आणि या प्रतिकृतींचे खरे मोल तेथेच आहे, कारण हरवलेला हात किंवा चेहरा अंदाजाने पुरा करण्याचे कौशल्य असलेल्या हातांनी तो रिकामा सोडला. तैलरंगाची चकाकी आणि खोली मात्र मूळ भिंतीला परकीच होती. टेम्परा तंत्राच्या अभ्यासक क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांनी 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुणांसह काम करताना तैलरंग टाळले आणि आधी भिंतीवरील रेषा कागदावर उतरवून घेण्याची शिस्त पाळली. अजिंठ्याचा आत्मा रेषेत आहे, हे त्यांच्या पद्धतीने अधिक नेमके ओळखले होते.

कॅनव्हासवर पाळलेला हा संयम भिंतीपाशी मात्र सुटला होता. रंग उजळ दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकात मूळ चित्रांवर व्हार्निश चढवले गेले. ते काळवंडले, तडकले आणि खालच्या रंगाला धरून सोलू लागले, म्हणून 1920 च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना ते थर काढावे लागले.