निवळ पाणी आणि अदृश्य विषाणू

पावसाचें पहिलें पाणी ओढ्यांतून उतरलें, कीं हिंगोलीजवळून वाहणाऱ्या कयाधू नदीचा रंग पालटतो. काळ्या जमिनींतील चिकणमाती वाहून येते आणि घागरींत भरलेलें पाणी तासन् तास गढूळच राहतें. अशा पाण्यावर पूर्वजांनीं शोधलेला उपाय म्हणजे निवळी. तिचें बीं भांड्याच्या आंतल्या बाजूस उगाळलें, कीं मातीचे कण एकमेकांस धरून तळाशीं बसतात. सुश्रुतसंहितेंत पाणी निवळविणाऱ्या पदार्थांत या कतक बीजाचा मान पहिला आहे. तुरटीचें कार्यही याच जातीचें होय.

निवळ पाणी तेंच शुद्ध पाणी, असा समज दीर्घकाळ चालत आला. १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं कलकत्त्याच्या तळ्यांतील पाण्यांत पटकीचे जंतू दाखविले आणि त्या समजास तडा गेला. पुढें क्लोरीन आलें; पाण्याची परीक्षा त्यांतील जंतू मोजून होऊं लागली. परंतु १८९२ सालींच रशियांतील इव्हानोव्स्की यांनीं दाखविलें होतें, कीं तंबाखूच्या पानांवरील एका रोगाचें कारण जंतू अडविणाऱ्या गाळणींतूनही पार होतें. तेच पुढें विषाणू म्हणून ओळखले गेले. कावीळ उत्पन्न करणारा ‘ई’ विषाणू तर एका मिलिमीटरच्या सुमारें तीस हजाराव्या भागाएवढा आहे.

हा सूक्ष्म शत्रु काय करूं शकतो, याचा दारुण प्रत्यय १९५५ च्या अखेरीस दिल्लीस आला. पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचें मैलापाणी वझिराबाद येथें शहराचें पाणी जेथून उचलीत, तेथें पोहोंचलें. अधिकाऱ्यांनीं तुरटी व क्लोरीन यांचें प्रमाण वाढविलें. विषमज्वराची साथ आली नाहीं. मात्र २९,००० हून अधिक लोकांना कावीळ झाली आणि गर्भवती स्त्रियांना ती विशेष घातक ठरली. जंतूंना आवर घालणारा उपाय विषाणूंपुढें अपुरा पडला.

या साथीचें कोडें सोडविण्यांत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेंतील डॉ. खोर्शेद पावरी व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकन शास्त्रज्ञांसह दिल्लीच्या रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तद्रव तपासले. हा रोग ‘अ’ किंवा ‘ब’ प्रकारचा नव्हे, हें १९८० सालीं प्रसिद्ध झालें. पुढच्याच वर्षीं कोल्हापूर शहरांत पाण्यांतून पसरलेल्या काविळीची साथ झाली व त्याच संस्थेनें तिचाही अभ्यास केला.

विषाणू पाण्यांत कसा टिकतो, याचें मर्म त्याच्या चिकटण्यांत आहे. सामान्य पाण्यांत बहुतेक विषाणूंवर ऋण विद्युद्भार असतो. चिकणमातीवरही बहुधा तोच. सजातीय भार परस्परांस दूर लोटतात. परंतु पाण्यांत चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार असले, कीं ते दोहोंमध्यें दुव्याचें काम करतात आणि विषाणू मातीस चिकटतो. लोहाच्या संयुगांवर तर धनभार असल्यानें तो सहज ओढला जातो. या आकर्षण-अपसरणाचें गणित रशियांत १९४१ सालीं डेर्यागिन व लांडाऊ यांनीं आणि हॉलंडांत १९४८ सालीं व्हर्वे व ओव्हरबेक यांनीं मांडलें.

येथें तिसरा पक्ष उपस्थित होतो. कुजलेला पालापाचोळा, शेण व मैला यांतून पाण्यांत विरघळलेलें सेंद्रिय द्रव्य त्याच जागांवर हक्क सांगतें. तें मातीच्या कणांवर आधीं जाऊन बसतें. विषाणूस जागा उरत नाहीं आणि बसलेला विषाणूही कधीं कधीं सुटून मोकळा होतो. अमेरिकेंत १९६८ सालीं कार्लसन व त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या प्रयोगांत अंड्यांतील प्रथिन मिसळतांच विषाणूंचें मातीस चिकटणें कमी झालें. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: मातीपासून सुटलेले विषाणू पुन्हां रोगकारक ठरूं शकतात. चिकटणें म्हणजे मरणें नव्हे. शिवाय हेंच सेंद्रिय द्रव्य तुरटी व क्लोरीन स्वतःवर खर्च करून घेतें.

आतां कयाधूकांठच्या पहिल्या पावसाचा अर्थ ध्यानांत येईल. पावसाचें पाणी क्षारांनीं दरिद्री असतें, त्यामुळें दुवे सैल होतात; त्याच वेळीं उन्हाळाभर सांचलेली घाण विरघळून सेंद्रिय द्रव्य वाढतें. जमिनीनें धरून ठेवलेले विषाणू सुटावयास याहून अनुकूल काळ नाहीं. बेसाल्ट खडकांतील भेगांतून तें पाणी विहिरींतही त्वरेनें उतरूं शकतें.

निवळीचें व तुरटीचें महत्त्व यानें नाहींसें होत नाहीं. गाळाबरोबर पुष्कळसे विषाणू तळाशीं जातात. परंतु गाळ ढवळला, तर ते परत येण्याचा संभव असतो. म्हणून वरचें पाणी हलकेंच ओतून, गाळून, नंतर चांगली उकळी आणावी, अथवा त्यांत पुरेसें क्लोरीन घालून निदान अर्धा तास ठेवावें. जें डोळ्यांस निवळ दिसतें, त्याची एवढी अखेरची परीक्षा घेतल्यावांचून तें घरांतील गर्भवतीच्या हातीं देऊं नये.