पौष वद्य पंचमी, तिरुवैयारु

तिरुवैयारुला कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे. १८४७ साली पौष वद्य पंचमीला त्यांनी देह ठेवला. त्याच तिथीला दरवर्षी त्यांची आराधना होते. आळंदी-देहूत वाढलेल्या मला संताची पुण्यतिथी साजरी करणे नवे नव्हते. काळही आपल्या ओळखीचा, तंजावरच्या भोसल्यांचा. सरफोजीराजांनी बोलावूनही त्यागराज दरबारात गेले नाहीत, अशी आख्यायिका आहे.

पंचमीच्या सकाळी शेकडो गायक-वादक त्यांच्या पाच पंचरत्न कृती एकत्र गातात. त्यांत आज बायका निम्म्याने दिसतात. शंभर वर्षांपूर्वी त्यांना इथे गायला मनाई होती. आणि समाधीवर मंदिर बांधले होते एका बाईनेच. देवदासी कुळातल्या गायिका बंगळूर नागरत्नम्मा यांनी आपली कमाई त्यात ओतली. १९२५ साली मंदिर पुरे झाले. त्यांनाच गाता येईना, तेव्हा त्यांनी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. १९४०च्या सुमारास सगळे गट एक झाले आणि स्त्रियांना जागा मिळाली.

समाधीजवळ नागरत्नम्मांची मूर्ती आहे. गायन संपले की मी तिलाही नमस्कार करते.