दोन माश्या

आमच्याकडे गुराच्या जखमेंत किडे पडले म्हणजे शेतकरी सीताफळीचा पाला वाटून तींत भरतो. जखम सडली म्हणून किडे पडले, असा त्याचा समज असतो. आणि घाणीवर बसणारी माशी सर्वांच्याच पाहण्यांतली असल्यामुळें तो कोणास खोटाही वाटत नाहीं. परंतु सडकें मांस खाणारी माशी निराळी आणि जिवंत मांस खाणारी निराळी, ही गोष्ट पंडितांसही फार उशिरां उमगली.

१८५८ सालीं कोकरेल नांवाच्या फ्रेंच आरमारी शल्यवैद्यानें दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गयानाच्या कैद्यांच्या नाकांत शिरून त्यांचा प्राण घेणाऱ्या अळ्यांचें वर्णन केलें, व त्यांच्या माशीस ‘नरभक्षक’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. पुढें तें मागें पडलें. फाब्रिसियसनें १७७५ सालीं नोंदलेली दुसरी एक माशी दिसावयास हुबेहूब तशीच, निळसर हिरवी, पाठीवर तीन काळे पट्टे असलेली. तेव्हां दोन्ही एकच, असें सर्वांनीं धरून टाकलें. ही दुसरी मेलेल्या जनावरांवर पोसते. परिणाम असा झाला कीं, टेक्सासमध्यें गुरें किड्यांनीं मरत असतां तेथील लोक वर्षानुवर्षें मढीं जाळीत बसले! चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचाच हा प्रकार.

ही चूक १९३३ सालीं कुशिंग व पॅटन यांनीं दुरुस्त केली. नरांच्या जननेंद्रियांच्या सूक्ष्म रचनेवरून त्यांनीं दोन्ही जाति वेगळ्या केल्या. पॅटन हे पूर्वीं हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेंत होते, आणि आपल्याकडील माणसांच्या व गुरांच्या जखमांत अळ्या घालणाऱ्या माशीवर १९२० सालीं त्यांनीं निबंधही लिहिला होता. त्या अभ्यासानें तयार झालेली नजर त्यांस पुढें उपयोगीं पडली असावी, असें आम्हांस वाटतें. गंमत अशी कीं, त्या दोघांनींही ‘नवी’ म्हणून जिचें बारसें केलें, ती कोकरेलचीच जुनी माशी ठरली.

हा भेद म्हणजे केवळ नांवांचा घोळ नव्हता. मढ्यांवरची माशी असंख्य. जिवंत मांसावरची त्या मानानें मोजकी. मोजक्या शत्रूचा निर्वंश करतां येईल, ही कल्पना त्यामुळेंच एडवर्ड निप्लिंग यांस सुचूं शकली. मादी सामान्यतः एकदांच जुगते. तेव्हां वांझ केलेले नर मोठ्या संख्येनें सोडले तर तिचीं अंडीं फुकट जातील, असा त्यांचा हिशेब. क्ष-किरणांनीं माशीचें बीज बिघडतें, हें मुलरनें १९२७ सालीं दाखविलेंच होतें. रेमंड बुशलंड यांनीं या माशीच्या अळ्या मांसाचा खिमा व रक्त यांवर वाढविण्याची युक्ति काढली, आणि १९५४ सालीं कुरासाव बेट कांहीं महिन्यांत माशीमुक्त झालें. त्यानंतर अमेरिकेची संयुक्त संस्थानें, मेक्सिको आणि २००६ पर्यंत पनामा. १९८८ सालीं माशी लिबियांत शिरली होती. तेथूनही तिला हांकललें. तथापि २०२३ पासून ती पनामांतून पुन्हां उत्तरेकडे सरकली, व नोव्हेंबर १९२४ नव्हे, २०२४ मध्यें मेक्सिकोंत आढळली. शंभर वर्षांपूर्वींचीच बातमी पुन्हां वाचीत आहों, असा भास व्हावा!

मग एकीस मढें आणि दुसरीस जिवंत देह कां रुचावा? वंशावळींची तुलना करतां असें दिसतें कीं, ही परोपजीवी वृत्ति या माश्यांच्या कुळांत एकदांच नव्हे, अनेकदां स्वतंत्रपणें उपजली. आपल्याकडील जखमेंतली माशी अमेरिकन माशीची वारस नव्हे. ती आपल्याच वाटेनें त्याच खोडीवर येऊन पोंचली. नरभक्षक माशीचा संपूर्ण जनुकसंच २०२० सालीं प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं गंधज्ञानास आवश्यक असें ‘ऑर्को’ नांवाचें एक जनुक मोडून पाहण्यांत आलें, तेव्हां माद्यांस सावज हुडकणें जड जाऊं लागलें. पण एवढ्यावरून निवाडा करणें उतावीळपणाचें होईल. मढ्यावरची माशीही वासाच्याच मागानें जाते, व तेंच जनुक तिच्यापाशींही आहे. फरक आहे तो कोणता वास तिला बोलावतो यांत; आणि तो कोणत्या जनुकांत दडला आहे, याचा शोध अद्यापि चालूच आहे.