धरणाचे श्रेय बाबासाहेबांना, मग देखभालीचा प्रश्न कुणी विचारायचा?

दरवर्षी 14 एप्रिलला आपल्या मोबाईलवर एक मजकूर फिरतो : भारतातील मोठी धरणे बाबासाहेबांनी बांधली. भावना खरी आहे, पण इतिहास असा अर्धवट सांगितला की त्यातला विचार हरवतो.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सिंचन आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. 1943 च्या महापुरानंतर दामोदर खोऱ्याचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी केवळ भिंतीचा विचार केला नाही. पूरनियंत्रण, सिंचन, वीज हे सगळे एकत्र पाहणारी, संपूर्ण खोऱ्याला जबाबदार असणारी यंत्रणा हवी, ही त्यांची भूमिका होती. 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. आजचा केंद्रीय जल आयोग त्याचाच वारस. म्हणजे बाबासाहेबांनी दिली ती संस्था आणि उत्तरदायित्व. भिंती इतरांनीही बांधल्या.

आता आपल्या कोयनेकडे येऊ. कराडला लागून असलेले मलकापूर कोयनेच्या काठावर आहे. चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून त्याचे नाव झाले. त्याच नदीवर वर पाटण तालुक्यात 103 मीटर उंचीची भिंत आणि तिच्यामागे 105 टीएमसी क्षमतेचा शिवसागर आहे. तहान भागवणारी नदी आणि डोक्यावरची टांगती तलवार एकच आहे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे 180 माणसे मेली, बहुतेक घरे कोसळली. धरण टिकले, पण भिंतीच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. दख्खनचे पठार स्थिर, इथे मोठा भूकंप होणार नाही, असे तोवर मानले जाई. प्रत्यक्षात जलाशय भरू लागल्यापासून छोटे धक्के बसत होते आणि त्यांची नोंदही होत होती. इशारा जमिनीने आधीच दिला होता.

पुढे काय झाले? भेगा बुजवल्या, भिंतीला मागून काँक्रीटचा आधार दिला. सांडव्याखेरीजचा भाग 1973 मध्ये मजबूत झाला, सांडव्याचा भाग 2006 मध्ये. भूकंपानंतर तब्बल 39 वर्षांनी! या काळात पायथ्याची माणसे कुणाच्या भरवशावर झोपत होती?

कोयनेला निदान देशाचे लक्ष मिळाले. लहान धरणांना तेही नाही. कोयनेचे पाणी वीज तयार करून सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत उतरते. त्याच वाशिष्ठीच्या खोऱ्यात, चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. वीसच्या वर माणसे वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी मात्र दोष दिला खेकड्यांना. खेकड्याला ना मत असते, ना वकील. जबाबदारी झटकायला याहून सोयीचा आरोपी कुठे मिळणार?

आज कायद्याची कमतरता नाही. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला 1980 पासून आहे. केंद्राचा धरण सुरक्षा कायदा 2021 चा. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, देखभालीसाठी निधी, आपत्कालीन कृती आराखडा, हे सगळे त्यात बंधनकारक आहे. प्रश्न असा की, मलकापुरातल्या नदीकाठच्या वस्तीतील किती जणांनी तो आराखडा पाहिला आहे? भोंगा वाजला तर कुठे पळायचे, हे त्यांना कुणी मराठीत सांगितले आहे का?

पूर जात पाहत नाही, असे म्हणतात. पण सखल, नदीलगतची, कच्च्या घरांची वस्ती कुणाच्या वाट्याला येते, हे जात आणि गरिबीच ठरवते. म्हणून धरणाची देखभाल हा केवळ इंजिनिअरांचा विषय नाही. तो जगण्याच्या हक्काचा, म्हणजे संविधानाच्या कलम 21 चा प्रश्न आहे.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या जयंतीला अभिमानाचा मजकूर जरूर पाठवा. पण त्याआधी माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. आपल्या वरच्या धरणाचा तपासणी अहवाल, दुरुस्तीवरचा खर्च आणि आपत्कालीन आराखडा मागा. तो ग्रामसभेत, वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवा. बाबासाहेबांनी सत्तेला उत्तर द्यायला लावणारी व्यवस्था उभारली. प्रश्नच विचारले नाहीत, तर त्या व्यवस्थेचा उपयोग काय?

जय भीम!