खेड्यातील कर्करोगाची गणती

कर्करोग हा शहरवासीयांचा रोग, खेड्यात तो क्वचितच आढळतो, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ दिवस होती. तिला पुरावा काय, असे कोणी विचारले असते तर उत्तर मिळाले नसते. कारण खेड्यातले रोगी कोणी मोजलेच नव्हते.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. रत्नागिरीची माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली, तशीच दुखणे विकोपास गेल्यावर परळासही जाऊ लागली. १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. देशातील ती पहिली. परंतु रोगाचे प्रमाण काढावयाचे तर रोगी आणि लोकसंख्या दोन्ही एकाच मुलखातली हवीत. म्हणून तीत नाव चढे ते मुंबईच्या रहिवाशाचे. राजापुराहून उपचारापुरता गेलेला रोगी त्या गणतीत बसत नसे, आणि त्याच्या जिल्ह्यात तर गणतीच नव्हती.

ही उणीव प्रथम भरून निघाली ती घाटावर. १९८७ साली बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांसाठी देशातील पहिली ग्रामीण नोंदवही निघाली. डॉ. नेने व डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कार्याशी निगडित आहेत. शहरात रुग्णालयाची दप्तरे चाळून काम भागते. येथे दप्तरेच नव्हती. तेव्हा कार्यकर्ते गावोगाव हिंडले, गावच्या जाणत्या मंडळींना भेटले, रोगाची लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रोग्यांना बार्शीच्या रुग्णालयात आणले. पुढे कोण जगले, कोण गेले, हेही घरी जाऊनच विचारावे लागले.

या गणतीने जुनी समजूत अर्धीच खरी ठरविली. एकंदर प्रमाण मुंबईच्या निम्म्याच्या आसपास भरले. पण स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग मात्र मुंबईहून अधिक निघाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मोजावयास गेलेल्यांनी लक्षणे सांगितल्यामुळे स्त्रिया रोग बळावण्यापूर्वीच तपासणीस येऊ लागल्या. पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. ज्या गटाची विषाणूसाठी एकदाच तपासणी केली, त्या गटात या रोगाचे मृत्यू तपासणी न केलेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली जाहीर झाले.

टाटा स्मारकाने २००३ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतही गावोगाव तपासणी चालविली. अशा वेळी कार्यकर्ती दारात येते, आणि घरातली बाई म्हणते, "मला काय धाड भरली आहे?" हा नकार आपल्या परिचयाचा आहे. परंतु बार्शीचा इतिहास सांगतो की, दुखणे नसताना दिलेला तो अर्धा तासच पुढे आयुष्य वाचवितो. शिवाय, ज्यांची गणती झाली नाही त्यांच्यासाठी डॉक्टर, औषध किंवा एक खाटसुद्धा सरकारजवळ मागता येत नाही. नोंदवहीतले नाव हा रोग्याचा कलंक नव्हे. तो त्याच्या गावाचा हक्क होय.